लाल लालला

दोन महिने गाडी उतारावरच उभी करतोय.
हर्णैत आता मला ठाऊक नाही असा उतार उरलेला नाही.
बंदरावरून वर येताना एक, जेमतेम,
पाजपंढरीच्या वळणावर एक, चांगला,
आणि आसूदच्या बाजूचा तो फसवा,
दिसतो उतार, पण गाडी ढिम्म.
हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर,
क्लच, आणि कुठल्यातरी देवाचं नाव.
डिझेलला ठिणगी लागत नाही,
एकदा पेटलं की ते त्याच्या जिवावर चालतं.
अडतं ते फक्त पहिल्या धक्क्याला.

दापोलीत मुनाफ परकारच्या दुकानात
इंजिन बंद न करताच उतरलो.
"बंद करा हो, नायतर बघू कसा?"
बंद केलं. त्याने मीटर लावला.
"नऊ पॉइंट चार. हिला आता बर्फात ठेवलीत
तरी ताजी व्हायची नाय."
टर्मिनलवर मोरचुदासारखी बुरशी चढलेली,
खारा वारा आणि माशांचं पाणी,
दोन्ही तिने चार वर्षं प्यायलं.

फळीवर तीन.
एक पंचाहत्तरची, अठरा महिन्यांची हमी,
स्टिकर तिरका, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं.
एक ऐंशीची, सीलबंद, पाणी घालायला नको,
"पण ही जाते तेव्हा आधी खोकत नाय.
संध्याकाळी बरी, सकाळी मयत."
आणि खाली, जमिनीवर, पोत्यावर ठेवलेली शंभरची.
"ती सोडा. तुमच्या गाडीला एवढी कशाला?
ट्रेचा पत्रा वाकवावा लागेल."

जुनी त्याने काढून काउंटरवर ठेवली.
तिच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटने तारीख,
बसवल्याची. अक्षर अनंताचं,
चारचा आकडा वरून मिटलेला, तो तसाच काढतो.
तेव्हा गाडी दोघांची होती.
बर्फाच्या हिशेबावरून फाटलं.
रक्कम आता आठवतही नाही.
आठवते. अकरा हजार चारशे.

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेचार,
मागे क्रेटमधे सुरमई, वर बर्फ,
आणि गाडी सपाटीवर, माझीच चूक.
किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्,
पाल चुकचुकल्यासारखं.
तिघं बघून पुढे गेले. चौथी गाडी त्याची.
काही न बोलता वळवली, नाकासमोर नाक आणलं,
दोन्ही बॉनेट उघडी, आणि केबल काढली.
लाल लालला. पुन्हा लाल लालला.
काळी त्याच्या काळ्याला,
आणि काळीचं शेवटचं टोक माझ्या बॅटरीला नाही,
इंजिनच्या लोखंडाला,
हे मला त्यानेच शिकवलं होतं.
मग तो त्याच्या गाडीत बसून रेस देत राहिला.
मी वायरींकडे बघत उभा, जणू आत काय जातंय ते दिसणार.
"किती भरलीस?"
"नऊ क्रेट."
एवढंच. सुरू झाली.
कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो, इंजिन चालूच ठेवून,
तेव्हा दिसलं, केबल माझ्याच सीटखाली राहिली.

"मग? ऐंशीची बांधू?"
"खालची दे."
"अहो, हिच्यात तुमच्यासारख्या दोन गाड्या सुरू होतील."
"होऊ देत."
परकारने माझ्याकडे बघितलं, मग हातोडी घेतली
आणि पत्रा ठोकून सरळ करायला लागला.
जुनीचे हजार वजा केले.
तारीख लिहायला पेन दिलं,
मी नको म्हटलं, मग लिहिली,
चार मात्र माझ्या पद्धतीने, वरून उघडा.
"केबल देऊ? दोनशे सत्तर, तांब्याची."
"आहे माझ्याकडे," म्हटलं.
"म्हणजे, आहे एकाची."

आता संध्याकाळ, लिलाव सुरू व्हायचाय.
होड्या ओहोटीमुळे लांबच, बैलगाड्या पाण्यात.
अनंताची गाडी तिथे, वडापावच्या टपरीशी.
मी समोर लावलीय, सपाटीवर,
इंजिन बंद करून.
केबल मांडीवर आहे, गुंडाळलेली.
तो टायरकडे बघतोय, उगाचच.
किल्ली मी काढून खिशात ठेवली.